अंध मुलगी दहावी होऊन घरी येते तेव्हा

प्रश्न, थोडक्यात: कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एका आईनं विचारलंय. मुलगी जन्मापासून अंध, वय १६. पहिलीपासून महाराष्ट्रातल्या एका निवासी अंधशाळेत मराठीतून शिकली. मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली की शाळा संपली, वसतिगृहही संपलं. घरी शेती आहे. पुढं तिला काय शिकवावं आणि कुठली नोकरी मिळेल? वडील म्हणतात, झालं एवढं बस झालं, आता घरी राहू दे. शेवटी लिहिलंय, ‘तिला कन्नड येत नाही.’

उत्तर:

ताई, नोकरीचं आपण शेवटी बोलू. तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी सुरुवात तिथूनच करणार. सीमाभागातल्या अंध मुलांबरोबर काम करताना मला हे चित्र वारंवार दिसतं. मूल हुशार असतं, ब्रेलवर बोटं सराईत फिरतात, कविता तोंडपाठ असतात. तेच मूल स्वतःच्या तालुक्याच्या स्टँडवर उभं राहिलं की मुकं होतं. दहा वर्षं पलीकडं राहून ते आपल्याच गावात पाहुणं झालेलं असतं.

भाषा येत नसली तरी डोळस माणसाचं भागतं. चारजण कुठल्या गाडीकडं धावतायत ते बघावं, बोट दाखवावं, दुकानात वस्तू उचलून पुढं करावी. अंध माणसाचं सगळं विचारण्यावर चालतं. पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावरून आपल्याकडं आजवर काय काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या लेकीला पाटी मराठीत असली काय नि कन्नडमध्ये असली काय, सारखीच. कंडक्टर काय ओरडतोय ते मात्र तिला कळलं पाहिजे. कन्नड शिकणं म्हणजे मराठी सोडणं नव्हे, हे घरातल्या मोठ्यांना एकदा बसवून सांगा. तिच्या दृष्टीनं कन्नड हा वाटेचा भाग आहे.

आणि या बाबतीत डोळस मुलांना नाही अशी एक सोय तिच्याकडं आहे. मराठी शाळेतल्या डोळस पोराला कन्नड अक्षरं नव्यानं गिरवावी लागतात. तिला जवळजवळ काहीच गिरवायचं नाही. भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांना ठिपके आवाजाप्रमाणं दिलेत. ‘क’ म्हणजे सहा ठिपक्यांपैकी पहिला आणि तिसरा, मराठीतही तोच आणि कन्नडमध्येही तोच. ‘ळ’ म्हणजे चौथा, पाचवा, सहावा, दोन्हीकडं सारखा. अडतं ते ‘ए’ आणि ‘ओ’पाशी, कारण कन्नडमध्ये त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे आहेत. आपला ‘ए’ (पहिला-पाचवा) तिकडं दीर्घ होतो, ऱ्हस्वासाठी दुसरा-सहावा ठिपका शिकायचा. ‘ओ’चंही तसंच. म्हणजे कन्नड पहिलीचं ब्रेल पुस्तक तिच्या हातात दिलंत तर ती आज वाचून दाखवेल. अर्थ कळणार नाही, पण वाचेल. अर्थ मग माणसांकडून घ्यायचा. शेजारी कन्नड बोलणारं घर असेल तर रोज संध्याकाळी तिला तिथं बसू द्या, आकाशवाणी धारवाड लावू द्या, आणि सुरुवात व्याकरणानं न करता बसनं करा. ‘अण्णा, ई बस यल्लिगे होक्कैतिरी?’ (ही बस कुठं जाते?) आणि ‘खानापूर बंद म्याल हेळ्री.’ (खानापूर आलं की सांगा.) ही दोन वाक्यं न अडखळता आली की तिचा एकटीचा पहिला प्रवास व्हायला हरकत नाही.

आता काठी. तिच्याकडं पांढरी काठी असेलच. बहुधा घडी करून पिशवीत असेल. वसतिगृहात सगळं पाठ असतं, पायऱ्या किती, नळ कुठं, जेवणाची घंटा कुठून येते. त्यामुळं काठी कोणी उघडत नाही. गावात आल्यावर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून उघडत नाही. काठी छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी इतकी लांब हवी. सोळा वर्षांच्या मुलीकडं बाराव्या वर्षी मिळालेली काठी असेल तर ती आखूड पडते, मुलगी वाकून चालते आणि खड्डा पायाला कळायच्या आत काठीला कळत नाही. मूठ बेंबीसमोर, हात स्थिर, फिरतं ते फक्त मनगट. टोक खांद्याच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त फिरवायचं. उजवा पाय पुढं पडतो तेव्हा टोक डावीकडं टेकलेलं हवं, डावा पडतो तेव्हा उजवीकडं. म्हणजे पुढचं पाऊल जिथं पडणार ती जागा काठीनं आधीच तपासलेली असते. हे अंगवळणी पडायला रोजचा सराव लागतो आणि त्या काळात तुम्ही तिचा दंड धरायचा नाही. आयांना हे सगळ्यात जड जातं.

पहिली वाट घर ते गिरण, नाहीतर घर ते किराणा दुकान. जिथं तिला काम आहे अशी वाट निवडा. नुसतं ‘फिरून ये’ म्हणून पाठवलं तर दोन दिवसांत कंटाळा येतो. तुम्ही दहा पावलं मागं चाला आणि तोंड बंद ठेवा. ‘डावीकडं गं, डावीकडं’ असं मागून ओरडलं की ती काठीचं ऐकायचं सोडून तुमचं ऐकते. खानापूरकडच्या पावसाची एक वेगळी अडचण आहे. कौलांवर, पत्र्यांवर, छत्रीवर पाऊस कोसळायला लागला की कानाला मिळणाऱ्या सगळ्या खुणा बुडतात. ओळखीचा ओढा, हॉटेलातला आवाज, येणारी मोटारसायकल, काही ऐकू येत नाही. शिवाय चिखलात काठीचं टोक रुततं. म्हणून एप्रिल-मे मध्ये वाट पक्की करून घ्या. जुलैत छत्री न देता टोपीचा रेनकोट द्या, एक हात काठीला आणि दुसरा मोकळा राहतो. मुसळधार असेल तर थांबायचं. थांबणं हेही शिकवावं लागतं.

घरातलं काम. वडील म्हणतात घरी राहू दे. ठीक आहे, पण घरी राहून काय करणार? माझ्या अनुभवात ‘घरी राहू दे’चा अर्थ पडवीत बसू दे असा निघतो. ताट समोर येतं, ताट उचललं जातं. दहा वर्षं वसतिगृहात स्वतःचे कपडे धुणारी मुलगी सहा महिन्यांत पाण्याचा तांब्या मागायला लागते. यात तुमचं प्रेम आहे हे मला कळतं, तरी हे थांबवा.

तिला गॅसपाशी उभं करा. आधी भांडं बर्नरवर नीट मधोमध ठेवायचं, हातानं चाचपून बघायचं, मग लायटर. पेटत्या गॅसवर भांडं ठेवायला जाऊ नये, एवढा एक नियम पाळला तर भाजण्याची भीती बरीच कमी होते. ओढणी खोचलेली, केस बांधलेले. मोहरी तडतडायची थांबली की कांदा, कांद्याचा वास बदलला की पुढचं. हे तुम्हीही निम्मं कानानं आणि नाकानंच करता, फक्त लक्षात येत नाही. मिठाच्या बरणीला एक रबर बँड, साखरेला दोन. आणि बरणी वापरून झाली की जिथली तिथं. हा नियम तिच्यासाठी नाही, घरातल्या बाकीच्यांसाठी आहे. भाकरी थापणं तिला डोळस मुलीइतकंच येईल, तव्यावर टाकताना पहिले काही दिवस तुम्ही शेजारी उभ्या राहा.

पाळीचं, पॅड गुंडाळून कुठं टाकायचं त्याचं, कोणी नको तिथं हात लावला तर मोठ्यानं ओरडायचं आणि लगेच सांगायचं, हे तुम्ही तिच्याशी स्पष्ट शब्दांत बोला. ‘शाळेत सांगितलं असेल’ यावर सोडू नका. रस्ता ओलांडून द्यायला येणारा माणूस बहुतेकदा चांगलाच असतो, पण त्यानं तिचा हात धरायचा नसतो, तिनं त्याच्या कोपराच्या वर धरायचं असतं. मग सोडायचं कधी ते तिच्या हातात राहतं.

पैसे. अठरा वर्षांच्या अंध मुलाला स्वतःच्या हातानं शंभराची नोट मोडता येत नाही, असं मी बऱ्याच घरांत पाहते, कारण कोणी दिलेलीच नसते. नव्या नोटांत शंभराची लांबी १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. रुंदी तिघींची सारखीच, ६६. म्हणजे फरक चार-चार मिलिमीटरचा, तो बोटाला कळायला सराव हवा. कडेला उठावदार तिरक्या रेषा असतात. शंभरावर चार, दोनशेवर चार आणि मध्ये दोन गोल, पाचशेवर पाच. कोऱ्या नोटेवर त्या लागतात. पण खानापूरच्या बाजारात फिरून मऊ झालेल्या नोटेवर काही लागत नाही, हेही खरं. म्हणून घडीची सवय लावा. शंभर सरळ, दोनशे एक घडी, पाचशे दोन घड्या, आणि सुट्टे वेगळ्या कप्प्यात. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ नावाचं ॲप २०२० मध्ये आलं, ते कॅमेऱ्यासमोर नोट धरली की बोलून सांगतं आणि त्याला इंटरनेट लागत नाही. बाजाराच्या दिवशी दोनशे रुपये तिच्या हातात द्या आणि हिशेब तिच्याकडून घ्या.

फोन तिला येतच असेल, बोलणारा फोन आता सगळ्या मुलांना येतो. पण एक तपासा: तिला टाइप करता येतं का? आजची अंध मुलं आवाजी निरोपांवर जगतात, ऐकून शिकतात, ऐकून परीक्षा देतात. मग अर्ज लिहायची वेळ आली की ‘शिक्षण’ लिहिताना ‘क्ष’ कुठला तेच कळत नाही. नोकरीत कोणी आवाजी निरोप घेत नाही. ब्रेल सोडू देऊ नका आणि संगणकाच्या कीबोर्डवर बोटं बसवायला आत्तापासून लावा. पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ते मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही वाचतं.

कागदपत्रांकडं आता वळते. इथं सीमाभागाची एक खास गोची आहे. बाहेरच्या शाळेत शिकलेल्या काही मुलांचं आधार कार्ड वसतिगृहाच्या पत्त्यावर निघालेलं असतं. तुमच्या मुलीचं बघा. पत्ता महाराष्ट्रातला असेल तर आधी बदलून घ्या. तसं न केल्यास कर्नाटकातलं बरंच काही अडतं. शक्ती योजनेतला बायकांचा मोफत बसप्रवास, जो ११ जून २०२३ पासून सुरू आहे, त्यालाही कर्नाटकातल्या रहिवासाचं ओळखपत्र लागतं. पंधराव्या वर्षानंतर आधारचे बोटांचे ठसे आणि फोटो पुन्हा द्यावे लागतात, तेही याच खेपेत उरका. डोळ्यांच्या ठशाच्या वेळी यंत्र अडलं तर ऑपरेटरला सांगा की मुलगी अंध आहे, त्याची सोय असते.

दुसरं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. दिव्यांगत्वाचा दाखला आणि हे कार्ड आता एकाच ऑनलाइन अर्जातून निघतं आणि ते देशभर चालतं. तुमच्या ग्रामपंचायतीला एक व्हीआरडब्ल्यू, म्हणजे ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता, नेमलेला असतो. बरेचदा तो स्वतःच दिव्यांग असतो. त्याला गाठा. पेन्शन, बसपास, फुकट मिळणारी साधनं, सगळ्याची पहिली पायरी तोच. तिला उजेड-अंधार कळत असेल किंवा जवळचं काही थोडं दिसत असेल, तर या निमित्तानं अल्पदृष्टीची तपासणीही नव्यानं करून घ्या. लहानपणी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून दिलेल्या मुलांना भिंगाचा उपयोग झालेला मी पाहिला आहे.

आता एक नाजूक गोष्ट. अठरा पूर्ण झाली की ती कायद्यानं सज्ञान. ‘अंध आहे म्हणून पालक नेमावा लागतो’ असं तुम्हाला कोणी सांगेल. केवळ अंध व्यक्तीला तसं काही लागत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातली पालकत्वाची तरतूद स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. उलट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं १३ वं कलम सांगतं की मालमत्ता घेणं, वारसा मिळवणं, स्वतःचे पैशाचे व्यवहार स्वतः बघणं हा तिचाही हक्क आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडं अठरा भरली की उताऱ्यावरून नाव काढायची घाई होते. ‘हिला जमीन काय करायचीय, आम्ही आहोतच की सांभाळायला’ असं म्हणत हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो. तुमच्या घरी असं होईल असं मी म्हणत नाही. पण कुठलाही कागद पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय तिनं सही करू नये, एवढं तिला आणि तिच्या भावांना एकत्र बसवून सांगा.

आणि सही म्हणजे सहीच, अंगठा नको. जाड पुठ्ठ्याला सहीच्या मापाची खिडकी कापा. त्या खिडकीत तिचं नाव रोज एका पानावर लिहून घ्या. अक्षर सुंदर नको, दर वेळी सारखं यावं. बँकेत मॅनेजर कधी कधी म्हणतात, आईबरोबर जोडखातं काढा, एटीएम देता येणार नाही. तिथं शांतपणे सांगा की जून २००८ मध्येच रिझर्व्ह बँकेनं सर्व बँकांना कळवलंय: चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज, सगळं अंध ग्राहकाला इतरांसारखंच द्यायचं. फोनवरून खातं उघडताना ‘डोळे मिचकावा’ असं सांगणाऱ्या पडताळणीवरही सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये पर्याय द्यायला सांगितलाय. पिन मात्र तिचा तिच्याजवळ. भावाजवळही नको.

लग्नाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण नातेवाईक विचारतील. अठराच्या आत तर प्रश्नच नाही. नंतर तिला हवं असेल तर आणि तिला विचारून. ‘कोणीतरी पदरात घेईल’ या भाषेत तिच्यादेखत कोणी बोलत असेल तर थांबवा, ती बहिरी नाही.

आता शिक्षण आणि नोकरी. कोणी तुम्हाला सांगेल, गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात घाला, गाणं शिकेल. पंचाक्षरी गवई आणि पुट्टराज गवई यांनी तिथं अंध मुलांसाठी जे उभं केलं ते मोठंच आहे, उत्तर कर्नाटकात दुसरं फारसं काही नव्हतं त्या काळी त्यांनी मुलांना विद्या आणि अन्न दिलं. पण मुलगी अंध आहे म्हणून तिचा गळा गोड असेलच असं नाही. तिला गाण्याची ओढ असेल तरच. खुर्च्या विणणं, मेणबत्त्या, टेलिफोन ऑपरेटर हे जुने ठरलेले रस्ते. त्यातला ऑपरेटर तर संपल्यातच जमा आहे. आणि कलेक्टर झालेल्या अंध मुलीच्या बातम्या कोणी दाखवल्या तर कौतुक करा, पण त्यावरून घरात बेत आखू नका.

माझं मत सरळ आहे. तिनं बारावी करावी आणि त्याच दोन वर्षांत काठी, कन्नड नि कीबोर्ड पक्कं करावं. महाराष्ट्र बोर्डाची दहावी घेऊन इकडं पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, यायचं तर पदवीपूर्व शिक्षण खात्याचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. कॉलेज ठरवतानाच त्याची चौकशी करा. भाषा विषय म्हणून मराठी ठेवता येते, बेळगावात तशी कॉलेजं आहेत. परीक्षेत लेखनिक मिळतो आणि केंद्राच्या नियमाप्रमाणं ताशी वीस मिनिटं जादा वेळ. लेखनिकाला कुठली भाषा येते ते परीक्षेच्या आधी बघून ठेवा. इथं मराठी प्रश्नपत्रिका वाचायला कन्नड माध्यमाचं पोर येऊन बसतं, असंही होतं.

बारावीनंतर सहा महिने ते वर्षभराचं संगणक आणि स्वावलंबनाचं निवासी प्रशिक्षण. बंगळुरात १९९० पासूनची मित्रज्योती, १९९७ ची समर्थनम आणि १९९९ ची एनेबल इंडिया आहेत. समर्थनमचे संस्थापक महांतेश हे स्वतः अंध आणि मूळचे बेळगाव जिल्ह्यातलेच. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे, डेहराडूनला केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. मराठी म्हणून सगळे पुण्याकडं बघतात. मी मुलीचं कन्नड किती झालंय ते पाहून ठरवीन. झालं असेल तर बंगळूर, कारण अंध मुलांना घेणाऱ्या कंपन्या तिथं जास्त आहेत.

सरकारी नोकरीत २०१६ च्या कायद्यानं ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी, त्यातली १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. केंद्रानं जानेवारी २०२१ मध्ये दिव्यांगांना योग्य अशा ३,५६६ पदांची यादी काढली. आपल्याकडच्या मुलांना त्यातल्या बँकेच्या क्लार्क आणि रेल्वेच्या जागा जास्त जवळच्या. केंद्राच्या आणि बँकांच्या परीक्षांत स्पर्धा देशभराची. कर्नाटक सरकारच्या नोकरीला कन्नडची पात्रता लागते. महाराष्ट्राच्या भरतीत, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांपैकी तुमचं गाव असेल तर पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. दिव्यांगांच्या राखीव जागेला तो दाखला चालतो का ते मात्र प्रत्येक जाहिरातीत नीट वाचा. वसतिगृहातल्या वर्षांमुळं वास्तव्याचा प्रश्न कोणी काढला, तर रेशन कार्ड आणि आईवडिलांचा पत्ता दाखवायला हवा. ती कागदपत्रं एका फायलीत लावा आणि फायलीवर ब्रेलमध्ये तिलाच नाव टोचू द्या.

वडिलांना हे सगळं एकदम वाचून दाखवू नका. परीक्षा संपेपर्यंत आधारचा पत्ता आणि व्हीआरडब्ल्यूची भेट एवढं दोघांनी मिळून उरका. पंचायतीत जाताना तिलाही बरोबर न्या. तिथला माणूस तिच्याबद्दलचे प्रश्न तुम्हाला विचारेल, तेव्हा तुम्ही गप्प राहा आणि तिला उत्तर देऊ द्या.